सतरावी ओळ, नदीकडून तेवीस

तेवीस नंबरच्या नळीतून मला एक माणूस चहा पिताना दिसला. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. चहा पिण्यात गैर काहीच नव्हतं. कंत्राटदाराची माणसं सातपासून खपत होती, नवाला त्यांना चहा मिळायलाच हवा. गैर एवढंच, की त्या नळीतून मला काही दिसायलाच नको होतं. सतराव्या ओळीतली, नदीकडून तेविसावी ही नळी नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने प्लग ठोकून बंद केली होती. प्लग म्हणजे अंगठ्याएवढं निमुळतं पितळी बूच. ते कुठे निघून जात नाही, त्याला पाय नसतात. मी वाकून पुन्हा डोळा लावला. दुसऱ्या टोकाला, नऊ मीटरवर, नाण्याएवढ्या उजेडात तो माणूस आता चहात बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट मोडून आत पडलं, आणि तो शेजारच्याला काहीतरी म्हणाला.

मी या वीजकेंद्रात केमिस्ट आहे. नातेवाइकांत हे सांगितलं की हमखास कुणीतरी खोकल्यावरचं औषध विचारतं, आणि 'आमचं दुकान नाही हो' हे मी इतकी वर्षं न कंटाळता सांगत आले आहे. माझं काम पाण्याचं. वाफ टर्बाइन फिरवून आली की तिचं परत पाणी करायचं असतं, ते कंडेन्सर करतो: घराएवढी लोखंडी पेटी, तिच्यात सहा हजार नऊशे पितळी नळ्या आडव्या रचलेल्या. नळ्यांच्या आतून नदीचं गार पाणी, बाहेरून वाफ. एका घरात चुली वेगळ्या करून राहणाऱ्या जावांसारखं त्या दोघींनी नांदायचं, मध्ये फक्त एक पातळ भिंत. आमची नदी समुद्राजवळची, भरतीला खारी होते. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी खारं पाणी वाफेकडे ओढलं जातं, तिथून बॉयलरमध्ये शिरतं, आणि मग बॉयलरच्याच नळ्या फुटतात. पितळेचा रोगही मोठा गरीब चेहऱ्याचा. नळीत गाळ बसतो, गाळाखाली पितळेतलं जस्त गुपचूप निघून जातं आणि तांबं तेवढं मागे उरतं. आकार तोच, जाडी तीच, रंग थोडा लालसर, बघणाऱ्याला वाटावं तब्येत सुधारली. बोटाने दाबलं की चुरा. मी चार वर्षं कानीकपाळी ओरडत होते की आता ठिगळं पुरेत, सगळ्या नळ्या बदला. यंदा कुठे मंजुरी आली, यंत्र बंद झालं, आणि कंडेन्सरच्या दोन्ही टोकांची झाकणं क्रेनने उचलून बाजूला ठेवली. तिथे पहिल्यांदाच ऊन आलं. नळ्यांची तोंडं बसवलेला जो पत्रा मी तीस वर्षं टॉर्चच्या उजेडात, गुडघ्यांवर रांगत, वीत-वीत पाहिला होता तो अख्खाच्या अख्खा समोर उभा, आणि त्यातून आरपार उजेडाच्या हजारो टिकल्या. मधूनमधून काळ्या, त्या आम्ही बंद केलेल्या. मी खुळ्यासारखी बघत राहिले. मग म्हटलं, चला, आपली ती नळीही शेवटची बघून घेऊ. जुन्या दुखण्यावर बोट ठेवून बघायची माणसाला खोड असते.

त्या नळीपायी माझा भाऊ गेला. गेला म्हणजे आहे, चांगला खाऊनपिऊन आहे, बसने दोन तासांवर तिसऱ्या मजल्यावर राहतो. पण नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही. बोलतो तसे. 'या, बसा, पाणी देऊ का', एवढं. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी नोकरीला लागले तेव्हा तो कंडेन्सरच्या टोळीचा फोरमन होता, आणि बाकीचे फिटर नव्या केमिस्टबाईंना जपून, लांबूनच, 'बाई इकडे नको, बाई तिकडे चिखल' असं करत होते. दादाने सगळ्यांसमोर विचारलं, "कपडे मळतील म्हणून बाहेर थांबायचंय का? तसं असेल तर आत्ताच सांग." मग मॅनहोलमधून, माणूस जेमतेम मावेल अशा गोल भोकातून, आत शिरायला त्यानेच शिकवलं: आधी एक हात, मग डोकं, मग श्वास सोडून खांदे. प्लग ठोकायला शिकवलं. माझे पहिले चार प्लग त्याने नुसत्या बोटांनी उपटून माझ्या हातावर ठेवले होते. आणि मोजायला शिकवलं. "डावं-उजवं म्हणायचं नाही," तो म्हणायचा. "तू या टोकाला, मी त्या टोकाला, आपली तोंडं एकमेकांकडे. तुझं डावं ते माझं उजवं. माणूस वळला की डावं-उजवं वळतं. नदी वळत नाही. नदीकडून मोजायचं." मी म्हणायची, दादा, नदीसुद्धा वळते, नकाशा बघ. तो म्हणायचा, आपल्या ड्युटीत नाही वळत. त्याच्यामुळे आमच्या केंद्रात सगळेच नदीकडून मोजायला लागले. एका ओळीत एकसष्ट नळ्या. पहिली नदीच्या बाजूची, एकसष्टावी रस्त्याच्या.

गळकी नळी शोधायची आमची रीत ऐकून शहाण्या माणसाला हसू येईल. कंडेन्सरच्या अर्ध्या भागातलं नदीचं पाणी काढून आत शिरायचं आणि नळ्यांच्या तोंडांवर दाढीचा फेस फासायचा. वाफेच्या बाजूला हवा नसते, तिथे सारखी ओढ असते. जी नळी फुटकी ती फेस आत ओढून घेते आणि पांढऱ्या फेसात एक खळी पडते. बस्स, एवढंच. त्यासाठी मी वर्षाला चाळीस डबे फेस घेते. पहिल्यांदा घेतले तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेबांची दाढी फारच दाट दिसते." आमच्या साहेबांना एकूण चार केस, तेही डोक्यावर. त्या दिवशी मला ती खळी स्वच्छ दिसली. हातभर दूर, गालावर पडावी तशी. सतरावी ओळ. मोजली, तेवीस. माझ्या टोकाला प्लग ठोकला आणि फोनवरून दुसऱ्या टोकाला दादाला ओरडून सांगितलं, "सतरावी, तेवीस." त्याने त्याच्या टोकाला सतराव्या ओळीतली तेविसावी बंद केली. दोन्ही टोकं बंद झाली की ती नळी मेली, विषय संपला. आम्ही बाहेर येऊन हात धुतले, चहा घेतला. आणि तिसऱ्या दिवशी बॉयलर फुटला. सुदैवाने माणसाला कुणाला खरचटलंही नाही, पण यंत्र सव्वीस दिवस बंद, अर्ध्या शहरात अंधार, आणि चौकशी. चौकशीत पुन्हा उघडून बघितलं तर गळकी नळी माझ्या टोकाला बंद आणि दादाच्या टोकाला सताड उघडी. नदी तिकडून खुशाल आत जात होती. दादाचा प्लग भलत्याच धडधाकट नळीत. आता यात विचारायचं काय राहिलं? बाईंनी बरोबर पकडली, फोरमनने चुकीची ठोकली. दादा म्हणाला, मी तेवीसच मोजली. मोठे साहेब म्हणाले, तुम्ही तेवीस मोजली असती तर बाईंच्याच नळीला प्लग लागला असता ना. हे ऐकायला इतकं सरळ होतं की दादाही गप्प झाला. त्याच दुपारी कुणीतरी त्याचा प्लग काढून बरोबर जागी मारला. मला शाबासकी मिळाली. दादाला छप्पन्नाव्या वर्षी हत्यारं काढून घेऊन स्टोअरमध्ये बसवलं, आणि तिथूनच दोन वर्षांनी तो निवृत्त झाला.

चौकशीचा निकाल लागला त्या संध्याकाळी तो माझ्या घरी आला होता. बसला नाही. चपला काढून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "तू तरी सांग. मी चुकलो असेन का गं?" त्याला काय हवं होतं ते आज शेंबडं पोर सांगेल. पण मी तेव्हा नुकतीच शाबासकी खाल्ली होती, डोक्यात हवा होती, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही होती, की याच्या बाजूने बोलले तर बोट माझ्याकडे वळेल. मी म्हटलं, "फेसाने दाखवली ती नळी मी बंद केली, दादा. दुसऱ्या टोकाचं मला काय माहीत?" तो "बरोबर आहे" म्हणाला आणि चपला घालून गेला. पुढच्या वेळी भेटला तेव्हा म्हणाला, "या मॅडम." मला वाटलं टोमणा मारतोय. टोमणा असता तर बरं झालं असतं; टोमण्याला उत्तर देता येतं. तो खरोखरच आदराने म्हणत होता. त्याच्या लेखी मी कधी न चुकणारी बाई झाले होते आणि तो चुकलेला माणूस. वहिनी फोनवर सांगायची: घराला कुलूप लावून खाली उतरतात आणि परत वर जाऊन बघतात, दोनदा, तीनदा. पायऱ्या मोजतात. घरातला नळ गळला तर हात लावत नाहीत, प्लंबरला बोलवा म्हणतात. तीस वर्षं ज्याच्या हाताला केंद्रातला प्रत्येक नट ओळखत होता तो माणूस घरातल्या नळाला भ्यायला लागला. वहिनी हे हसत हसत सांगायची. मीही हसायची आणि फोन ठेवल्यावर उगाच कपाट आवरायला घ्यायची.

आणि आता, ही नळी उघडी. मी नदीकडून पुन्हा मोजलं, बोट टेकवत टेकवत, ओठ हलवत. वीस, एकवीस, बावीस, तेवीस. उघडी, आणि पलीकडे तो बिस्किटवाला. ओळ तर चुकली नाही? वरून सतरा मोजल्या. सतरावीच. मग माझा प्लग कुठे गेला? सतराव्या ओळीत पुढे बघत गेले तर एकोणचाळिसाव्या जागी एक काळी टिकली. त्या प्लगवर माझी खूण होती. मी प्रत्येक प्लगवर छिन्नीने एक तिरकी रेघ मारते. एकोणचाळीस. मी तिथेच उभी राहून आकडे जुळवायला लागले, मनातल्या मनात, आणि आधी काही जुळेना, कारण माझं मन सारखं म्हणत होतं की कुणीतरी प्लग हलवला, काहीतरी खोडसाळपणा झाला, कुणीतरी, म्हणजे मी सोडून कुणीतरी. मग सहज, काहीच नाही म्हणून, मी रस्त्याच्या बाजूने मोजलं. एक, दोन, तीन. तेवीसवर बोट नेमकं माझ्या तिरक्या रेघेवर येऊन थांबलं.

माझ्या उजव्या कोपरावर एक वण आहे. त्या दिवशी मॅनहोलच्या कडेला घासून झालेला. तो मी नऊ वर्षं बिल्ल्यासारखा मिरवलाय. ट्रेनिंगला आलेल्या मुलींना बाही वर करून दाखवलाय. प्रत्येक टोकाला दोन मॅनहोल, एक नदीकडे आणि एक रस्त्याकडे. नदीकडच्या मॅनहोलमधून शिरताना नेहमी डावा हात आधी जातो, घासलं तर डावं कोपर घासतं. उजवं कोपर घासायला माणूस रस्त्याकडच्या मॅनहोलमधून शिरायला हवा. हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, पण कोपराला ठाऊक होतं. आणि मग सगळं सुटत गेलं. नदीकडच्या मॅनहोलसमोर रंगाऱ्यांनी परांची बांधली होती. मी चिडले होते. हे लोक कामाच्या वेळी रंग काय लावतात, असं कुणाला तरी बोललेही होते. आणि वळसा घालून रस्त्याकडून आत शिरले होते, वीस वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटची. आतला उकाडा आठवला, हातावर सुकणारा फेस, त्याचा तो लिंबाचा खोटा वास, आणि आत रांगत जाताना पंपाची घरघर नेहमी डाव्या कानाला यायची ती त्या दिवशी उजव्या कानाला येत होती हेही आठवलं. मी मॅनहोलपासून मोजलं होतं. मी नेहमीच मॅनहोलपासून मोजायची. मॅनहोल नेहमीच नदीकडचं असायचं, म्हणून ते नदीकडून व्हायचं. नियम दादाचा होता, माझी फक्त सवय होती. मी रस्त्याकडून तेवीस मोजून 'तेवीस' म्हणून ओरडले, आणि दादाने, शहाण्या माणसाने, जसं ठरलं होतं तसं, नदीकडून तेवीस मोजून, ठोकली. चौकशीत त्याचा तो प्लग काढला, म्हणून आज ती आरपार उघडी होती.

मी चुकले होते. पुढचं सांगताना मला जरा संकोच वाटतो, कारण अशा वेळी माणसाला काय वाटायला हवं ते मला माहीत आहे, आणि तेही वाटलं, नंतर, बसमध्ये. पण पहिल्यांदा जे वाटलं तो आनंद होता. असा आनंद की मला त्या पत्र्याला टेकून उभं राहावं लागलं. तोंडावर एक मूर्ख हसू, जे काही केल्या जाईना. दादा चुकला नव्हता. नऊ वर्षं जी वस्तू मला त्याला द्यायची होती आणि जी माझ्याकडे नाही असं मी समजत होते, ती माझ्याकडेच होती. माझीच चूक, अखंड, ताजी, सहीशिक्क्यासह माझी. नोकरीतली माझी तीनच वर्षं उरलीत, शाबासकी परत द्यायची तर ती देणारे साहेबही आता नाहीत. नाव खराब होईल? होऊ दे की. पंचावन्नाव्या वर्षी एवढी मोठी चूक सापडणं ही काही साधी कमाई नाही. फक्त एक भीती होती: दादा माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. तो म्हणेल, मॅडम, मला बरं वाटावं म्हणून बोलताय. तोंडी सांगून भागणार नव्हतं. त्याने स्वतः मोजायला हवं होतं, आणि मोजायला ती ओळ जागेवर हवी होती.

कंत्राटदाराचा मुकादम शिडीवर होता. वरून नळ्या ओढून काढायचं काम चालू होतं, ओळीमागून ओळ, काढलेल्या नळ्या अंगणात लाकडासारख्या रचल्या जात होत्या. मी खालून सांगितलं, "सतराव्या ओळीला हात लावायचा नाही."

"मॅडम, आत्ता अकरावी चालू आहे. तीन वाजेपर्यंत सतरावीवर येतो."

"मी येईपर्यंत थांबायचं."

"मधली ओळ सोडून खाली गेलो तर माणसं अडकतात माझी. काय आहे तिच्यात एवढं?"

"माझी चूक आहे."

त्याने शिडीवरून माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते. "तीनपर्यंत," तो म्हणाला, "पुढे नाही."

बसमध्ये बसले आणि मग ते दुसरं आलं, जे यायला हवं होतं. नऊ वर्षं. त्यातली दोन त्याने नट-बोल्ट मोजण्यात घालवली, माझ्यामुळे. ज्या माणसाने मला श्वास सोडून खांदे आत न्यायला शिकवलं त्याने दारात उभं राहून एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याला रिपोर्ट वाचून दाखवला. मला रडू आलं. शेजारच्या बाईने खिडकी उघडून दिली, तिला वाटलं मला बस लागते. मी 'ठीक आहे' म्हटलं आणि पुन्हा हसू आलं, तेव्हा तिने हळूच पिशवी मांडीवर घेतली आणि जागा बदलली. जिना चढताना माझ्याही नकळत मी पायऱ्या मोजत होते. अठ्ठेचाळीस. दार वहिनीने उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला खुंटीला एक पाटी टांगलेली होती, शाळेतली, आणि तिच्यावर दादाच्या सुबक अक्षरात: गॅस, नळ, दिवे, खिडक्या, कुलूप, प्रत्येकापुढे बरोबरच्या खुणेसाठी चौकोन. खडू दोरीने बांधलेला. हे मला वहिनीने कधी सांगितलं नव्हतं.

"या मॅडम," दादा आतून म्हणाला. "बसा."

"बसायला नाही आले. दादा, त्या दिवशी मी चुकले. तू बरोबर होतास."

त्याने वर्तमानपत्राची घडी केली. पुन्हा घडी केली. "कोणत्या दिवशी?" असं त्याने विचारलं नाही.

"कशावरून?"

"झाकणं काढलीत. उन्हात मोजलं. माझा प्लग नदीकडून एकोणचाळीसला आहे. रस्त्याकडून तेवीस."

"तू कुठल्या मॅनहोलने गेली होतीस?"

"रस्त्याकडच्या."

"नदीकडच्याला काय झालं होतं?"

"रंगाऱ्यांची परांची होती."

त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. तो मोजत होता. एकसष्टातून तेवीस वजा, अधिक एक. मग त्याने आत हाक मारली, "अगं, इकडे ये. ही काय म्हणते ते ऐक." आणि मला म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं. वहिनी ओल्या हातांनी उभी राहून ऐकत होती. "परत सांग," दादा म्हणाला, "ते परांचीपासून." मी परांचीपासून सांगितलं. इतक्या हौसेने मी आयुष्यात काही सांगितलं नसेल. तिसऱ्या वेळी तर मी रंगाऱ्यांना काय बोलले तेही घातलं.

"मी पहिल्यापासून म्हणत होते," वहिनी म्हणाली, "हे चुकायचे नाहीत."

"कशाच्या आधारावर म्हणत होतीस?"

"बायको म्हणून."

"तो पुरावा होत नाही," दादा म्हणाला, पण त्याचे डोळे भरून आले होते. मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "एक ओळ मोजायला किती वेळ लागतो?"

"दीड मिनिट."

"दीड मिनिट," तो म्हणाला. "आणि तू नऊ वर्षं लावलीस."

मी म्हटलं, तीन वाजता ती ओळ काढताहेत, चल. तो म्हणाला, मी आता कशाला, मला आत कोण सोडणार, माझा पास नाही. म्हणता म्हणता त्याने शर्ट बदलला. म्हणता म्हणता बूट शोधले. आणि बूट घालून, 'लवकर चल, ही कंत्राटी माणसं कुणासाठी थांबत नाहीत' असं म्हणत जिना उतरायलाही लागला. वहिनी दारात पाटीकडे बघत उभी होती. "अहो, पाटी—" असं तिने म्हणायला तोंड उघडलं आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आम्ही दोघी ऐकत राहिलो. त्याची पावलं पहिल्या मजल्यापर्यंत गेली, तळमजल्यापर्यंत गेली, आणि परत वर आली नाहीत. खालून त्याने माझ्या नावाने शंख केला, की ही बाई नेहमीच उशीर करते.

तीनला दहा कमी असताना आम्ही पोचलो. मुकादम सोळाव्या ओळीवर होता. दादाने त्या उजेडाच्या भिंतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यानेही ती कधी उन्हात पाहिली नव्हती. माझ्या टोकाला थांबलाच नाही, सरळ वळसा घालून त्याच्या टोकाला गेला. मी वाट बघत राहिले. थोड्या वेळाने सतराव्या ओळीतल्या तेविसाव्या नळीतून, माझ्या कानाशीच, त्याचा आवाज आला, मोठा, घुमणारा. "तोंड फाकलंय हिचं. प्लगने फाकलंय. इथे माझाच प्लग होता, नदीकडून तेवीस." मी डोळा लावला तर पलीकडे त्याचा डोळा. मी म्हटलं, "दिसतंय मला." तो म्हणाला, "मी बरोबर मोजली होती." मी म्हटलं, "हो दादा." त्याने ते आणखी दोनदा म्हटलं, नळीला, मला नाही.

मग तो माझ्या टोकाला आला, नदीकडून मोजलं, रस्त्याकडून मोजलं, आणि माझ्या तिरक्या रेघेवर अंगठा ठेवला. "बघितलं तर," तो म्हणाला, "आपण दोघांनी तेवीसच मोजल्या. मोजण्यात कुणीच चुकलं नाही."

"असं कसं? नदीकडून मोजायचं ठरलं होतं. मी चुकले."

"अगं, परांची कुणी बांधली? ती चूक रंगाऱ्यांची."

"रंगाऱ्यांनी मला रस्त्याकडून मोजायला नाही सांगितलं. माझी चूक आहे, दादा, तिच्यात वाटेकरी नकोत."

"मीसुद्धा विचारायला हवं होतं, कुठून मोजलीस म्हणून. फोरमन मी होतो."

"तू कशाला विचारशील? नियम तुझा होता."

आवाज चढले. काम थांबवून माणसं बघायला लागली. नऊ वर्षांपूर्वी याच जागी आम्ही दोघं 'मी चुकलो नाही' म्हणून उभे होतो, आणि आता हातवारे करून, एकमेकांना पुरतं बोलू न देता, उलटं भांडत होतो. मला भांडण संपूच नये असं वाटत होतं. शेवटी मुकादम शिडीवरून खाली आला आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "सोळावी झाली. तुमचं ठरलं असेल तर ही ओळ काढू का?"

"काढा," दादा म्हणाला, माझ्याआधी. मग म्हणाला, "थांबा. हा प्लग मी काढतो."

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने छिन्नी आणि हातोडी दादाच्या हातात दिली. दादाने हातोडी तळहातावर तोलली, मूठ थोडी खाली धरली, बाह्या वर सारल्या. पहिल्या घावानंतर थांबला. कडेने छिन्नी घालून तो प्लग सैल करायला लागला, टक, टक, सावकाश, गोल फिरवत. प्लग हलेना. त्याने बाजू बदलली. कपाळावर घाम आला. एक माणूस पुढे होऊन म्हणाला, "द्या काका, मी बघतो," तेव्हा दादाने त्याला कोपरानेच मागे सारलं. पाच मिनिटं झाली, सात झाली. प्लग तसाच. शेवटी त्याने हातोडी खाली ठेवली, धापा टाकत माझ्याकडे वळला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे फोरमनच्या नजरेने पाहिलं.

"मोजायला चुकलीस," तो म्हणाला, "पण ठोकलायस बरोबर."